अर्धा अंगठा

लाल-पांढरी काठी धरून उभं राहायचं,
एवढंच माझं काम.
यंत्रातून बघणारा साहेब म्हणतो, डावीकडे.
मी डावीकडे सरकतो
गदीसेच्या टेफमध्ये, गुडघाभर.

टेफचा दाणा इतका बारीक
की मुठीतून सांडला तर मातीच होतो.
साहेबाने तोही कागदावर धरलाय:
क्विंटल, गुणिले भाव, गुणिले वर्षं.
किती वर्षं, ते अदिस अबाबाहून ठरून आलंय.

आमच्याकडे जमीन बैलांत मोजायचे.
एक जोडी दिवसभरात नांगरेल, तेवढी एक.
गदीसेची पाच दिवसांची.
साहेबाने विचारलं, बैल कुठले, धष्टपुष्ट की मरतुकडे?
आणि हसला.
मीही हसलो. रोज सुरू होता माझा.

मग तिने पेटीतलं हिरवं पुस्तक आणलं.
त्यात दोन फोटो:
ती, आणि कॉलर ताठ केलेला तोलेरा.
"अंगठे दोघांचे लागतात," ती म्हणाली.
"माझा मी देत नाही.
त्याचा हवा असेल तर त्या जुनिपरखाली आहे,
खणून घ्या.
फार शोधायला नको,
तुमच्या पोराने काठी तिथेच टेकवलीय."

मी पायाखाली पाहिलं.
तीन दगड, एक कलंडलेला.

गेल्या साली बापाने अंगठा उठवला
तेव्हा आई पाण्याला गेली होती.
परत आली तर दारात कुंपणाचे खांब उतरत होते.
घागर तिने खाली ठेवलीच नाही,
संध्याकाळपर्यंत.

"काठी हलतेय!" साहेब लांबून ओरडला.

हलत होती.