लाल गोल

गंगाखेडचं ज्युनिअर कॉलेज, अकरावी ब,
दुपारचा तिसरा तास.
फळ्यावर लिहितो : वर्ड फॉर्मेशन.
पंखा नावापुरता.

सांगतो, स्मोक आणि फॉग एकमेकांवर आदळले
आणि त्या अपघातातून स्मॉग चालत बाहेर आला.
सांगतो, इन्फ्लुएंझाचं डोकं छाटलं, पाय छाटले,
मधला फ्लू तेवढा ठेवला.
एडिटर आधी होता, एडिट त्याच्यातून निघालं.
"म्हंजी लेक आधी अन् बाप मागून?"
शेवटच्या बाकावरून तिरुपती फड.
वर्ग हसतो.
बरोबर आहे, म्हणतो मी, बस खाली.

मुबीना पठाण हसत नाही.
परळी नाक्यावर तिच्या वडलांचं वेल्डिंगचं दुकान.
"सर, दोन पत्रे नुसते टाचले तर जोड दिसतो.
वितळवून जोडले, वरून ग्राइंडर मारला, की दिसत नाही.
ब्लॅकबोर्डचा जोड दिसतो.
स्मॉगचा नाही दिसत."

एकोणीस वर्षं त्याच नोट्स वाचतोय.
त्यात हे वाक्य नव्हतं.

मग उसनवारी. लूट, जंगल, बंगला,
आणि मुंगूस.
मुंगूस आपलं, सर?
आपलंच. मराठीतून गेलं,
तिकडं त्याच्या शेपटाला स्पेलिंगात
त्यांनी चक्क एक हंस बांधला.
मग गूसचं गीस, तर मंगूसचं मंगीस?
नाही रे. हंस नुसता सोंगाचा.
आत मुंगूस ते मुंगूसच.

घंटा.

गृहपाठ : दोन शब्द घ्या, एक नवा करा.
एक्केचाळीस वह्या.
तेवीस जणांनी गाइडातला ब्रंच उतरवलेला,
तिरुपतीचा भजफास्ट, भज्यांसहित ब्रेकफास्ट,
आणि मुबीनाच्या वहीत दोनच ओळी :

लोडशॅडो – लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीमागं भिंतीवर वाढत जाणारं माणूस.
वाक्यात उपयोग – अम्मीची लोडशॅडो छताला टेकते.

मी लाल गोल केला.
बाजूला लिहिलं, शब्दकोशात नाही.
हाताला सवय असते,
तो डोक्याला विचारायला थांबत नाही.

सव्वाआठला लाइट गेली.
बायकोनं मेणबत्ती फ्रीजवर ठेवली,
मी उरलेल्या वह्या पुढं ओढल्या.
भिंतीवर एक इसम, माझ्या तिप्पट,
हातात मुसळाएवढा पेन,
कुणाची तरी चूक शोधत वाकलेला.
धाकटा घाबरून म्हणाला, पप्पा, ते काय?

माझ्या तोंडून निघून गेलं.

सकाळी खोडरबरानं गोल निघेना,
कागदच निघायला लागला.
मग "नाही"वर काट मारून लिहिलं : चालेल.
तिनं वाचलं.
"चालेल, का चालतोय, सर?
हे कोण ठरवतं?"
दुसऱ्या कुणी वापरला की ठरतं, म्हणालो.
घरचं काही सांगितलं नाही.

पुढं परीक्षा झाल्या, निकाल लागले,
मुबीना नांदेडला डिप्लोमाला गेली.
परळी नाक्यावर आता तिचा भाऊ काळी काच धरतो,
मी गेलो तर बघ म्हणून हात हलवतो, म्हणजे बघू नका.

परवा परभणीच्या काळीपिवळीत,
चौघांच्या सीटवर आम्ही सहा.
मागं एक अनोळखी पोरगं, मांडीवर मिरच्यांचं पोतं,
सोबत्याला सांगत होतं :
"आमच्या आज्याची लोडशाडू बघून
रात्री कुत्रं जे भुंकाय लागलं ना."

लोडशाडू.
कडा घासून गेलेल्या,
जोड कुठं होता ते बोटालाही लागू नये.

मान वळवून विचारणार होतो,
कुठून आणलास रे हा?
जीप खड्ड्यात उसळली,
कुणाचा तरी डबा माझ्या पायावर आला,
आणि पोखर्णी फाट्याला ते पोरगं
पोतं खांद्यावर टाकून उतरून गेलं.
भाड्याचे दोन रुपये सुटे नव्हते त्याच्याकडं,
त्यावरून ड्रायव्हर पुढचे चार किलोमीटर बोलत राहिला.