शंभरातले एकवीस

बाहेर उणे एक्केचाळीस.
दवाखान्याच्या आवारात दुलुस्तानचा ट्रक घरघरतो आहे.
तो बंद करायचा नाही, हे याकुत्स्कमध्ये पोरासोरांनाही ठाऊक:
एकदा इंजिन थंडावलं
की वसंतापर्यंत किल्ली फिरवत बसा.

आत, टाकीत, उणे एकशे शहाण्णव.
झाकण काढलं की पांढरी वाफ माझ्या मनगटांवरून उतरते,
फरशीवर पसरते आणि कुठे जाते कळत नाही.
सहा वर्षांपूर्वीची कांडी.
तेव्हा त्याची औषधं सुरू व्हायची होती, केस जायचे होते,
आणि डॉक्टर म्हणाले होते, आधी एवढं ठेवून घ्या.
कांडीवर अक्षर माझंच. तेव्हा जरा गोल यायचं.

माझे वडील लेनेच्या बर्फाला भोक पाडून मासे काढायचे.
बाहेर टाकलेला मासा दोन उड्या मारायचा, तिसरी अर्धी,
आणि त्याच वाकड्या आकारात दगड.
म्हणायचे, थंडी झटक्यात आली तर मांस राखते,
रेंगाळत आली तर आतून चिरते.
पुढे प्रयोगशाळेत हेच मला शिकवलं, चार वर्षं लावून:
पाण्याला स्फटिक व्हायची सवड द्यायची नाही.
म्हणून ग्लिसरॉल. म्हणून अंड्याचा बलक.
तरी काहीतरी निसटतंच.

सदतीस अंशांच्या पाण्यात कांडी धरते.
थेंब. काचपट्टी. डोळा.
गोठवण्याआधी शंभरात एकसष्ट पळत होते.
आता सत्तावीस.

दुसऱ्या थेंबात गुलाबी रंग सोडते.
मेलेल्याची भिंत फुटकी, रंग सरळ आत शिरतो.
जिवंत कोरे राहतात.
कोरे निघाले अठ्ठेचाळीस.

पुन्हा मोजते. तेवढेच.
अठ्ठेचाळिसातून सत्तावीस गेले,
एकवीस.

एकवीस जण जिवंत आहेत आणि हलत नाहीत.
डोकं जागेवर, शेपूट जागेवर,
दार इतकं घट्ट की रंगालाही आत घेत नाहीत.
फक्त निघत नाहीत.

वाचलंय मी, वितळताना काही प्रथिनं
कातडी सोडून भोवतालच्या पाण्यात उतरतात,
काही आतल्या आत घडी मोडून बसतात.
एकाचं तर नावच उष्णतेच्या धक्क्यावरून ठेवलेलं,
इतरांच्या घड्या नीट करणं हे त्याचं काम.
तेच कमी होतं. उष्णतेला पुरून उरलेलं
थंडीनं नेलं.
आई गेली त्या हिवाळ्यात आमच्या घरी
धुतलेले कपडे खुर्चीवर तसेच पडून असायचे.
कपडे होते. माणसं होती.
कुणी बाहेर पडत नव्हतं.

"किती चालू आहेत?" दुलुस्तान दारातून विचारतो,
मेकॅनिकला विचारावं तसं.
सत्तावीस, म्हणते.
"सहा वर्षं थंडीत राहून? माझा ट्रक एका रात्रीत मरतो!"
तो हसतो. क्यूनेय हसत नाही.
टोपीची लोकर बोटांनी विंचरत विचारते, "आणि बाकीचे?"

कागदावर दोनच रकाने आहेत. हलणारे, न हलणारे.
मी तिला एकविसांचं सांगते,
सांगताना शब्द सापडत नाहीत, सखा भाषेतही नाहीत, रशियनमध्येही.
ती मान हलवते.
"कळलं. औषधांनंतर हा वर्षभर तसाच होता.
चुलीपाशी. श्वास चालू, बाकी काही नाही."
मग?
"मग काय. एका सकाळी फावडं घेऊन
दारातला बर्फ काढायला गेला.
मी काही विचारलं नाही."

ती दोघं चहा शोधायला जातात.
मी 'न हलणारे'समोर त्र्याहत्तर लिहिते,
कडेला पेन्सिलीनं एकवीस.
बिनरंगाचा थेंब अजून ऊबदार पट्टीवर आहे.
मोजायची वेळ केव्हाच संपली.

डोळा परत काचेला लावते.
आवारात ट्रक घरघरतोय.