सोबतच्या वस्तू

पतसंस्थेचं दार मी रात्री नऊला लावतो.
गांधीबागेतले कापडवाले तोवर शटर ओढून गेलेले,
रस्त्यावर गठ्ठ्यांच्या सुतळ्या, अन् एक गाय
जी मला रोज नव्यानं ओळखते.

माझ्यापाशी काठी, टॉर्च, रजिस्टर,
अन् आतल्या खोलीची चाबी.
तिची जोडीदार साहेबांच्या खुर्चीमागं
खिळ्याला लटकून राहते. सगळ्यांना माहीत आहे.

नंदनवार साहेबांचा पासवर्ड सोळा अक्षरांचा.
आल्यागेल्याला सांगतात, कोणी पोरीचे मार्क सांगते तसे.
टाइप करताना डाव्या हाताचा आडोसा धरतात
माझ्यापासून!
माझ्या तर चष्म्याची काडी तुटलेली.

मे महिना. मी कूलरमध्ये पाणी भरून राहिलो होतो.
साहेबांचा भाचा आला, प्रज्योत.
"काका, दहा मिनिटं."
एका हातात चकती, आरशासारखी, मधात भोक;
दुसऱ्यात पुडा, गरम सांभारवड्यांचा, माझ्यासाठी.

मी नाव लिहिलं. वेळ लिहिली, अकरा वीस.
'सोबतच्या वस्तू' ह्या रकान्यात: चकती एक.
तो हसला. "हेही लिहिता?"
रकाना आहे तर लिहितो.

त्यानं पासवर्ड कोणालाच विचारला नाही.
मशीन बंद केली, चालू केली,
एकच बटण टकटक दाबत राहिला,
चकती आत गरगरली
अन् पडद्यावर दुसऱ्याच कोणाचं बिऱ्हाड मांडलं गेलं.
सोळा अक्षरांचं कुलूप समोरच्या दारावर तसंच,
शाबूत, घोरून राहिलेलं,
अन् हा पोट्टा परसातून थेट
धान्याच्या कोठीत.

"मशीनला याद राहत नाही काका.
सगळं हवेत चालते. बंद केलं की साफ.
सकाळी विचारून पाहा, शपथ घेऊन नाही म्हणेल."

वडी चांगली होती. मी दोन खाल्ल्या.
हेही सांगून टाकतो.

सकाळी साहेब आले. डावा हात, सोळा अक्षरं.
मशीन रोजच्यासारखी गोड बोलली.
मी म्हटलं, साहेब, डब्याले साखळी लावा,
खिळ्यावरची चाबी काढा,
अन् ते चकतीवरून सुरू होणं,
तेही बंद करता येते म्हणतात.
"उरकुडे, पासवर्ड आहे ना!"
मी आणखी काही बोललो असतो.
दातात सांभार अडकला होता अजून.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी
ठेवीदारांचे फोन सुरू झाले.
कोणी अनोळखी माणूस त्यांना सांगे
कोणाची किती, कोणत्या तारखेला पिकते.
पुण्याहून आलेल्या दोघांनी मशीन उलटीपालटी केली.
ती नाही म्हणाली. शपथ घेऊन.

मग कोणाला तरी माझं रजिस्टर आठवलं.

ते पान शोधावं लागलं नाही.
तेलाचा डाग पडून कागद इतका पातळ झाला होता
की मागच्या पानावरूनही वाचता येत होतं,
उलटं, पण स्वच्छ:
चकती एक.

वड्यांची नोंद मी केली नव्हती.
ती कागदानं केली.