पोच

पपया नर्सरीच्या चौकात बॅरिकेड,
निवडणुकीचे दिवस, पावणेसातची वेळ,
आणि माझ्या पाठीवर आप्पांची बंदूक.

दुनळी, बारा बोअर.
आईने तंबूच्या कापडाची शिवलेली खोळ,
लांबून बघणाऱ्याला वाटावं
पोरगी सतार शिकायला निघालीय.

शिट्टी वाजली. स्कूटर कडेला. इंजिन बंद.
हेल्मेट काढलं, दोन्ही हात हँडलवर.
हे आप्पांनी घोकून घेतलेलं,
माझ्या दहावीच्या सुट्टीत, पाढ्यांसारखं:
हत्याराला आपण हात लावायचा नाही.
आधी तोंडाने सांगायचं.
आवाज चढवायचा नाही,
पाडायचाही नाही.
सायेब म्हणाला दे, तर द्यायचं,
पण पोच घेतल्याशिवाय
जागचं हलायचं नाही.

"काय आहे पाठीवर?"
"बंदूक."

शेजारच्या रिक्षावाल्याने
रिक्षा हळूच मागे घेतली.
शिपाई माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा,
छातीवर पट्टी: य. दि. कडलग.
त्याचा हात काठीकडे गेला,
मग वॉकीटॉकीकडे,
मग कुठेच नाही.

म्हटलं, परवाना वडलांच्या नावावर आहे.
वडील सोळा तारखेला वारले.
सातपूर ठाण्यात जमा करायला चाललेय.
वरच्या खिशात मृत्यूचा दाखला, परवान्याचं पुस्तक
आणि ठाण्याचंच पत्र, आवक शिक्क्यासकट.
काढू का?

(काढू का, असं विचारायचं.
आप्पा म्हणायचे, अर्धा कायदा त्या दोन शब्दांत आहे,
उरलेला अर्धा समोरच्याच्या मूडमध्ये.)

जीपमधून जाड आवाज आला,
"झडती घे रे तिची."
"घ्या ना. पण बाईची झडती बाई घेईल."
आदल्या रात्री भांडी घासताना
शंभरदा म्हणून पाहिलेलं वाक्य.
तरी गुडघा असा हलत होता
की स्टँडवरची स्कूटर खुळखुळली.

वीस मिनिटं गेली. कंपन्या सुटल्या.
ओळखीच्या दोघीजणी बसच्या खिडकीतून
बघून न बघितल्यासारखं करून गेल्या.

गांगुर्डेबाई आल्या, डबा अर्धा टाकून,
बोटांना लिंबाच्या लोणच्याचा वास.
खिसे चाचपले, पर्स पाहिली,
पर्सच्या तळातली क्लिप परत जागेवर ठेवली.
हळू म्हणाल्या, "माझा बाप होमगार्डात होता."
एवढंच.

मग जीपच्या बॉनेटवर बंदूक निजवली.
दस्त्यावर दसऱ्याचं कुंकू अजून.
एकोणीस वर्षं बँकेच्या दारात उभा राहिलेला माणूस
रविवारी शिवणयंत्राचं तेल घालून
हिला पुसायचा, आणि आई म्हणायची,
एवढी माझी मान कधी चोळली का?

फौजदारांनी कागदावर लिहिलं: बंदूक नग एक.
"साहेब, नंबरपण लिहा."
ते बघत राहिले.
"वकील आहेस?"
"नाही. मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगला."
मोबाईलच्या उजेडात कडलगने नळीवरचा नंबर वाचला,
एकेक आकडा, परीक्षेला बसल्यासारखा.
तारीख, वेळ, सही, खाली नाव.
गांगुर्डेबाई कुणाकडेच न बघता बोलल्या,
"पोच आहे हो पोरीला."

"काडतुसं?"
"पट्ट्यात चार."
"पुस्तकात पाच दिसतायत."
"एक वाजलं. चौदा साली, बँकेच्या शटरपाशी, हवेत.
दुसऱ्या दिवशी आप्पांनी नोंद करून घेतलीय,
शेवटून दुसरं पान."
पान सापडलं. शिक्काही सापडला.
फौजदारांनी मान हलवली, बॅरिकेड सरकलं.

त्या पाचव्याचं रिकामं नळकांडं
आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.
सुया ठेवते ती त्यात, मोठ्या नाकाच्या.
हे मी सांगितलं नाही.
विचारलं नव्हतं.