दगड बाद

माझगावच्या बर्फ कारखान्यातून
रात्री साडेअकराला शेवटची हातगाडी गेली
की मागच्या खोलीतली चाळीस फूट
गोठलेली जमीन आमची.
मालक ग्लेंडाच्या मामेभावाचा दोस्त.
भाडं घेत नसे. म्हणे,
पडलात तर माझं नाव नको.

दगड नव्हता.
मानखुर्दच्या पाथरवटाकडून
जात्याची वरची तळी आणली, खुंट्यासकट.
"दळणार काय?"
झरीन म्हणाली, "ढकलणार."
त्यानं पैसे मोजले
आणि आमच्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

झरीन कप्तान. ओरडणं तिचं.
माझं घासणं.
दगड सुटला की त्याच्यापुढे ब्रश घेऊन धावायचं,
वाट अशी घासायची की तो
हातभर लांब जाईल, बोटभर कमी वळेल.
ब्रश दगडाला लागता कामा नये.
लागला, की दगड बाद.

हे मी आईला समजावत होते.
ती ई वॉर्डात, हातात झाडू, सत्तावीस वर्षं.
चहा गाळता गाळता म्हणाली,
"म्हणजे पुढे पुढे झाडत जायचं
आणि शिवायचं नाही.
कळलं. पुढचं सांग."

पुढचं म्हणजे अल्माटी.
खरा दगड तिथे पहिल्यांदा हाताला लागला,
वीस किलो, कुठे टाकीचा घाव नाही.
लाउडस्पीकरवर माझं नाव
भाल आणि शंकर अशा दोन मुली असल्यासारखं वाचलं.
सात सामने, सात हार.
तिसऱ्या वर्षी एक जिंकलो,
त्या रात्री चौघींनी एका पलंगावर बसून
किनरीच्या आईचे थेपले संपवले.
बँकेत रजेच्या अर्जावर साहेबांचा शेरा:
कर्लिंग म्हणजे केसांचं का?

सहाव्या वर्षी ब्राँझचा सामना,
शेवटचा दगड, झरीनच्या हातचा.
सुटला तो असा सुटला
की ती ओरडलीसुद्धा नाही.
ग्लेंडा डावीकडे, मी उजवीकडे, घासतोय,
आणि ब्रशचा एक कोपरा
लागला.
आवाज नाही. दगड हललाही नाही वाटेवरून.
पंच दुसऱ्याच पट्टीकडे बघत होता.
या खेळात शिट्टी नसते,
जिच्याकडून लागलं तिनंच सांगायचं.

मी पाय आडवा घातला.

झरीन विमानात बोलली नाही.
अकरा दिवसांनी फोन आला,
"मीही सांगितलं असतं."
मग थोड्या वेळानं,
"बहुतेक."

आता डावा गुडघा जिना चढताना वाजतो.
किनरी टोरांटोत आहे, दारात बर्फ आहे, खेळत नाही.
बर्फ कारखान्याच्या जागी टॉवर.
जात्याची तळी आमच्या दाराला अडण.
वाऱ्यानं दार आपटत नाही, एवढं मात्र खरं.

आई रिटायर झाली त्या रात्री
नारळ आणि शाल कोपऱ्यात ठेवून
अचानक म्हणाली,
"तू पाय घातला नसतास
तर कुठं थांबला असता तो?"

मी मोरीपासून चुलीपर्यंत फरशी ओली केली.
स्टीलची वाटी पालथी घातली,
मनगट जरासं फिरवून सोडली.
ती निघाली, वळत गेली,
माठाच्या तिवईखाली कुठेतरी दिसेनाशी झाली.

आई वाकली. हात घालून वाटी काढली,
धुतली, फळीवर ठेवली.
फरशी पुसली.
मग घड्याळ घेऊन सवयीनं
पावणेपाचचा गजर लावला.