कालचं हवामान

केबलवाल्यांचा डबा गुरुवारी परत करून आले,
टॉवेलात गुंडाळून, आजारी मांजर न्यावं तसा.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काही अडचण होती का?
नव्हती. फक्त नुसतं बसून राहण्याचे
महिन्याला चौदा डॉलर घेत होता.

चौतीस वर्षं डुलुथच्या खनिजधक्क्यावर
मी माणसांचे पगार काढले.
पेन्सिलीनं, मग मशीनवर, मग पुन्हा पेन्सिलीनं,
कारण मशीनवर माझा विश्वास नव्हता.
बसून राहण्याचा पगार कोणालाच काढला नाही,
फोरमनच्या मेहुण्यालासुद्धा.

समोरचा एल्डन तीन नावं लिहून घेऊन आला,
बुटांचा बर्फ माझ्या सतरंजीवर सोडत.
पहिला स्वस्त, पण कार्यक्रमांची यादी हवी
तर दरमहा पैसे.
म्हणजे कपाट आपलं, किल्ली भाड्याची.
दुसऱ्यात एकदाच भरायचे, मग आजीवन.
कोणाचं आजीवन?
एल्डन बारीक अक्षरं वाचत राहिला, ओठ हलवत.
डब्याचं, म्हणाला शेवटी.
मी एकोणऐंशीची. डबे टिकतात पाच-सहा वर्षं.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि वजाबाकी कोणीच मोठ्यानं केली नाही.

तिसरा काळा, बिनचेहऱ्याचा,
साबणाच्या दोन वड्यांएवढा.
डिस्क आपली आपण जोडायची, अँटेना आपला,
यादी हवेतून येईल तेवढीच.
दरमहा शून्य.
शून्य मला पहिल्यापासून आवडतो.
दोन्ही बाजू जुळल्या की तळाशी तोच येतो.

माळ्यावर, हार्लनच्या गळाच्या काठ्यांशेजारी
एल्डननं अँटेना बांधला.
मनोरे तर टेकडीवरच आहेत,
रात्री त्यांचे लाल दिवे माझ्या उशीवरून दिसतात.
तरी तो वरून ओरडे, आता?
मी खालून, नाही.
आता?
नाही.
आता?
आणि बातम्या देणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा आला,
मग उरलेला.

काय रेकॉर्ड करायचं, मिसेस हॉगलंड?
दहाचं हवामान. मी आठला झोपते.
पण सकाळी बघाल तेव्हा ते शिळं झालेलं असेल.
मला माहीत आहे.
मग त्याचं करणार काय?
तपासणार, म्हटलं.

तर रोज सकाळी कॉफी, वही, आणि तो निळ्या टायवाला.
तो म्हणतो उद्या निरभ्र,
आणि खिडकीत सुपीरियर सरोवर गायब,
धुक्यात कुठलंसं जहाज हंबरतंय.
तो म्हणतो सहा इंच बर्फ.
मी हार्लनची पोलादी पट्टी घेऊन
झोपायच्या गाउनवर कोट चढवून मागच्या पायरीवर जाते.
साडेचार.
वही कोणाला दाखवायची नाहीये.
त्याची खोड काढायचीही नाहीये.
खरं सांगायचं तर
मला वाटलं होतं त्याहून तो कमी चुकतो.

फेब्रुवारीत एका रात्री वारा असा सुटला
की रेकॉर्डिंगमध्ये नुसते चौकोन,
हिरवे, जांभळे, पस्तीस मिनिटं,
आणि मध्येच एकदा, स्वच्छ, त्याचा हात,
नकाशावर कुठेतरी ठेवलेला.
दार उघडेना. बाहेरून फावड्याचा आवाज येत होता,
एल्डन, शिव्या देत, हळूहळू जवळ.
वहीत काय लिहावं कळेना.
शेवटी लिहिलं: हात बरोबर होता.

ते पुसलेलं नाही अजून.
एल्डन म्हणतो, जागा खातं उगाच.
डबा म्हणतो, चारशे अकरा तास शिल्लक.
माझ्या हिशेबानं चारशे आठ.
बघू.