शेणीची वही

होळीच्या आधी पंधरा दिवस
आमच्या घराला शेणाचा वास यायचा.
म्हैस नव्हती. दादा होते.

उद्यमनगरातनं सुटले की लेथचं तेल हातावर तसंच,
चहा उभ्यानंच,
आणि हातगाडी बाहेर.
तिच्या डाव्या चाकाची करकर
अख्ख्या उत्तरेश्वर पेठेच्या ओळखीची.
"वैनी, होळी बारकी करा. पाच जाळा, बाकीच्या हिकडं टाका."
कुणीतरी म्हणायचंच,
केरबा, सणासुदीला मसणाचं नाव कशाला?
"नाव कुठं काढतोय, सरपण गोळा करतोय."

पंचगंगेच्या काठाला, आमच्या गावात,
मेलेल्या माणसाकडनं जळायचे पैसे घेत नाहीत.
लग्न होईपर्यंत मला वाटायचं
सगळ्या गावांत असंच असतं.

त्यांची एक वही होती, शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची:
सुतार मास्तर, ४०.
गवळ्याची इंदू, १००. वर तांब्याभर ताक.
तालीम, ११००. पोरांनी मॅच मारली म्हणून.
तांबोळी, २५. ह्यांच्यात जाळत नाहीत, तरी दिल्या.
माळकरीणबाई, नंतर देतो म्हणाल्या.
त्याच्याखाली वेगळ्या शाईत:
राहिल्या. त्यांनाच लागल्या.

उजव्या करंगळीचं अर्धं पेर लेथनं नेलेलं.
मी आकडे शिकलो ते त्याच हातांवर,
म्हणून माझा पहिला हिशेब
साडेनऊला थांबला.
गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास
आधी माझ्या हातात, मग किटली आईसाठी,
मग उरलं तर.
स्टेडियमवर खांद्यावर बसवून न्यायचे.
पोरगी कशाला आणलीस, असं कुणी विचारलं
तर म्हणायचे, आमचा गोलकीपर हाय.

मी आलो, मी गेलो, मी जेवलो.
आमच्याकडं पोरी असंच बोलतात.
पुण्यात सासूबाई हसल्या, "अगं, आले म्हणावं."
शिकलो. आले, गेले, जेवले.
एकदा फोनवर दादांनाच म्हणून बसलो, "पोचले."
तिकडं शांत.
मग, "कोण बोलतंय?"

गेले ते थंडीत, गुरुवारी,
झोपेतनं.
तिरडीच्या मागं मी निघालो तेव्हा
दोघातिघांनी घसा खाकरला.
तालमीतली पोरं काही बोलली नाहीत,
नुसती बाजूला सरली.

घाटावर रावसाहेब शेणी रचत होते,
चाळीस वर्षं तेच करतात.
एक उचलली, उलटीपालटी केली,
म्हणाले, "ही केरबानं आणलेली. गेल्या शिमग्याची."
माझ्या हातात दिली.
वाळून हलकी झालेली, पोळीएवढी,
आणि तिच्यावर बोटं.
थापताना उमटलेली, कुणा बाईची पाची बोटं.
बघितलं तर सगळ्यांवर होती.
पायाशी, कुशीला, छातीवर,
इंदूची असतील, मास्तरांच्या सुनेची असतील,
शेकड्यानं हात
त्यांच्या अंगावर ठेवलेले.

मी हातातली शेणी उशाला लावली.
"आलो, दादा," म्हणालो.
तेवढंच जमलं.

ह्या शिमग्याला गाडी भावानं काढली.
काढायच्या आधी चाकाला ग्रीस लावलं,
चांगलं, भरपूर.
पेठेतनं दोन फेऱ्या झाल्या, गाडी रिकामी.
कुणी दारातच आलं नाही.
तिसऱ्या फेरीला इंदूमावशी भांडी घासता घासता बघून म्हणाली,
"अगं बाई, आलाय होय? मग आवाज कुठाय?"

रात्री आम्ही दोघं अंगणात बसलो,
रॉकेल आणि जुनं बनियन घेऊन,
आणि ते ग्रीस पुसून काढलं.